मितेशच्या फाइलीत नसलेल्या नऊ ओळी

मिठबाव,
४ जून २००७

चि. रसिकास अनेक आशीर्वाद.

तुझ्या हुकमाप्रमाणे दोन सीड्या पाठवतो आहे. एकीवर ‘दिव्या’ लिहिलंय, दुसरीवर ‘मितेश’. पोस्टमन म्हणाला, ‘मास्तर, गाणी काय?’ म्हटलं, ‘होय बाबा, माझ्या बापाची गाणी.’

दाजींच्या रोजनिशीच्या एकतीसही वह्या दोघांनी टाइप करून पुऱ्या केल्या. मालवणच्या दिव्याने आधी. तिच्याकडून वह्या जानेवारी महिन्यात घरी आल्या, पंधरा दिवस माझ्याकडे राहिल्या, मग वेंगुर्ल्याला मितेशकडे गेल्या. मितेश माझा विद्यार्थी, तिथे कॉम्प्युटरचा क्लास चालवतो. एकच मजकूर दोघांकडून दोनदा लिहून घ्यायचा, ह्याला आमच्याकडे खूळ म्हणतात. पण तू म्हणालीस की दोन माणसं एकाच जागी एकच चूक करत नाहीत, मशीन दोन्ही ताडून बघतं आणि फरक तेवढा काढून देतं. बरं बाई, तू सांगशील ते. चौतीस वर्षं मी शाळेत शुद्धलेखन तपासलं, ते लाल पेनने. मशीन काय तपासतं ते आता बघतो.

फोन करू नकोस. पाऊस लागल्यापासून लाइन मेली आहे, शेजारचीही. लिहीच.

एक गोष्ट सांगून ठेवतो. शेजारच्या यमुनाकाकी परवा येऊन बसल्या. तुला माहीत आहे, त्यांचे यजमान बाबलीकाका म्हणजे दाजींचे भागीदार, चौऱ्याहत्तर साली बुडाले. त्या दिवसाबद्दल दाजी जन्मात कधी बोलले नाहीत, आणि गावाने मात्र नाही नाही ते बोलून घेतलं: दाजी पण होडीत होता, एकटाच पोहून आला, वगैरे. यमुनाकाकींनी ते कधी मानलं नाही. दाजी मरेपर्यंत ह्या घरातून त्या घरात रोजची मासळी जात होती. तर काकी म्हणाल्या, ‘सत्या, पुस्तक छाप. पण त्या दिवसाचा दाजीन काय लिवल्यान, ता आधी माका वाचून दाखव.’ मी सांगितलं, त्या दिवसाचं पान कोरं आहे. तर तो विषय संपला.

लवकर कळव. पुस्तक नारळी पौर्णिमेला होडीवाल्यांच्या हातात पडायला हवं. वारा आणि भरती त्यांना दाजींइतकी कोण सांगणार?

तुझा,
सत्यवानकाका


पुणे,
१३ जून २००७

ती. काकांना सा. नमस्कार.

काका, सीड्या मिळाल्या आणि मी हादरलेच! काळ्या पडद्यावर ‘डिफ’ अशी आज्ञा द्यायची, पुढे दोन फाइलींची नावं, की फक्त फरक खाली उतरत येतात. मी आज्ञा दिली आणि ओळी धावायला लागल्या त्या थांबेचनात. चहा करून आले तरी धावतायत. बेचाळीस हजार तीनशे सोळा ओळी, आणि सगळ्याच्या सगळ्या वेगळ्या! एकही ओळ जुळेना. मला वाटलं, तुम्ही दोघांना दोन वेगळ्या माणसांच्या वह्या दिल्यात.

मग छडा लागला. दिव्याचं मशीन प्रत्येक ओळ संपली की शेवटी एक न दिसणारी खूण टाकतं, मितेशचं टाकत नाही. डोळ्यांना दोन्ही ओळी सारख्याच, मशीनला वेगळ्या. त्या खुणा काढल्या, पुन्हा आज्ञा दिली. तरी अकरा हजार सातशे चार फरक! आणि ही मात्र मितेशची करामत आहे. दिव्याने आजोबांचं जसंच्या तसं उतरवलंय. मितेशने आजोबांना शाळेत घातलंय. दिव्या: ‘शिवा वेंगुर्ल्याक गेलो.’ मितेश: ‘शिवा वेंगुर्ल्याला गेला.’ दिव्या: ‘वारो पडलो.’ मितेश: ‘वारा पडला.’ पानोपानी हेच. त्याला ‘जसं आहे तसं’ असं शंभरदा बजावलं होतं ना आपण?

आणखी एक फरक आहे, तो निराळा. दिव्याच्या फाइलीत नऊ ओळी आहेत, त्या मितेशकडे नाहीतच. तेरावी वही. दोन पानं एकदम उलटली गेली असतील त्याच्या हातून. पण काका, तारीख ४ मार्च १९७४ आहे. हाच ना तो दिवस? तुम्ही तर म्हणालात पान कोरं आहे. वहीत एकदा बघून सांगा ना.

घरी काकींना नमस्कार. 

तुमची,
रसिका


मिठबाव,
२१ जून २००७

चि. रसिकास अनेक आशीर्वाद.

बेचाळीस हजार हा आकडा वाचला आणि माझा चष्मा नाकावरून खाली आला. न दिसणारी खूण म्हणे! जी दिसत नाही ती घालायची कशाला? दिव्याला निरोप धाडला, तर ती म्हणते, ‘सर, मी काय एक घालूक नाय.’ बरोबरच आहे तिचं.

मितेशचं म्हणशील तर त्याला रागावू नकोस. तो गुण माझा आहे. चौथीच्या वर्गात कोणी ‘तो गेलो’ म्हटलं की मी हातावर पट्टी द्यायचो. ‘गेलो नाही रे गाढवा, तो गेला! मी गेलो, तो गेला!’ मितेशने सगळ्यात जास्त पट्ट्या खाल्ल्या. आज तिशी उलटली तरी त्याचा हात आपोआप सुधारतो. मला तर बरं वाटलं. पुस्तक छापायचं तर शुद्ध नको? मी म्हणतो मितेशचीच फाइल घे.

त्या नऊ ओळींचं फार मनावर घेऊ नकोस. टायपिस्ट पोरी कंटाळल्या की मनचंही घालतात. मितेशने नाही घातल्या म्हणजे नसतीलच. मितेशचीच फाइल घेतलीस की तो प्रश्नच उरत नाही. काढून टाक.

आमच्याकडे पाऊस ओततोय. पडवीत पाणी आलं होतं. तुझ्या काकीने तुझ्यासाठी आमसुलं करून ठेवली आहेत, आंबोशीही आहे. येणाऱ्याजाणाऱ्याबरोबर पाठवतो. यंदा रतांबे बरे लागले होते. बाकी क्षेम.

सत्यवानकाका


पुणे,
१ जुलै २००७

ती. काकांना सा. नमस्कार.



मी मितेशदादाला फोन केला. त्याचा फोन चालू आहे. तो म्हणाला, ‘ताई, मी पान गाळलं नाही. पान वहीत नव्हतंच.’ आजोबा प्रत्येक पानावर आकडा घालायचे. तेराव्या वहीत ११२ नंतर एकदम ११५ आहे, आणि मध्ये शिवणीला फाटलेल्या कागदाची चिंधी आहे. त्याला वाटलं, जुनं फाटलेलं असेल. पण दिव्याने ते पान टाइप केलंय! म्हणजे मालवणहून वही निघाली तेव्हा पान होतं, आणि वेंगुर्ल्याला पोचली तेव्हा नव्हतं. मध्ये वही फक्त तुमच्याकडे होती, काका.

मग मी त्या नऊ ओळी पहिल्यांदा नीट वाचल्या. तुम्हाला पाठ असतील, तरी लिहिते:

४ मार्च, सोमवार.
वारो सकाळपासून उलटो.
खाडीच्या तोंडार लाट मोठी.
नको म्हटलंय.
होडी घेवन गेलो.
हाक मारलंय.
वळलो नाय.
होडी खडपार फुटली.
यमनेक काय सांगू?

काका, हे खरं आहे? बाबलीआजोबांनी नको म्हटलंय, आणि आपले आजोबा त्यांच्यासकट होडी घेऊन गेले? बाबलीआजोबा हाका मारत होते आणि हे वळले नाहीत? मला खांद्यावर बसवून खडपावर, त्या समुद्रातल्या खडकांवर न्यायचे ते आजोबा? माझा विश्वास बसत नाही. 

आणि तुम्ही! तुम्ही पान फाडलंत, माझ्याशी खोटं बोललात, दिव्यासारख्या मुलीवर आळ घेतलात. मला आजोबांपेक्षा तुमचाच जास्त धक्का बसलाय. यमुनाआजींनी तुमच्याकडे एकच गोष्ट मागितली होती. तेहेतीस वर्षं त्या आजोबांची बाजू घेत आल्या, सगळ्या गावाविरुद्ध. त्यांना असं फसवून पुस्तक छापणार असाल तर मला ह्यात धरू नका. पान कुठे आहे ते सांगा, आणि आजींना सांगा. त्यांचा हक्क आहे तो.

रसिका


मिठबाव,
९ जुलै २००७

चि. रसिका,

आशीर्वाद लिहायला हात धजत नाही.

तुझं पत्र आलं तेव्हा मी जेवत होतो. ताटावरून उठलो. आता सगळं सांगतो.

दिव्या वह्या परत द्यायला आली तेव्हा जाता जाता म्हणाली, ‘सर, बाबलीकाकांचा पान वाचून माका रडाक इला.’ इतकी वर्षं मी त्या वहीला हात लावला नव्हता. गावाने जे तोंडातोंडी चालवलं होतं त्याची भीती म्हण. ती गेल्यावर तेरावी वही काढली, ११३ वं पान उघडलं, पाठकोरं. दाजींच्या हातचं, दाजींच्या शाईतलं. गाव म्हणत होतं तेच. मी अंगावर घेतलेलं दाजींचं जुनं घोंगडं काढून फेकलं. पान फाडलं आणि न्हाणीच्या चुलीत घातलं. ते नाही गं आता. राख पण तुझ्या काकीने भांडी घासायला नेली.

बापाला झाकावं, की बाईला खरं सांगावं? मी बापाला झाकलं. तुझं पत्र आलं आणि लाज वाटली. तुझ्यासारख्या पोरीने शिकवावं लागलं. बुधवारी सकाळी यमुनाकाकींकडे गेलो. त्या ओटीवर सूप घेऊन सुकी सुंगटं, तुमची कोलंबी, निवडत होत्या. मी उभ्याउभ्याच सांगितलं: ‘काकी, पान कोरं नव्हतं. त्या दिवशी आमचे दाजी होडीत होते. बाबलीकाका नको म्हणाले, तरी हे त्यांच्यासकट होडी घेऊन गेले. काकांनी हाक मारली, हे वळले नाहीत. असं त्यांनी स्वतः लिहून ठेवलंय.’

सूप हातातून सुटलं. सुंगटं ओटीभर झाली. त्या एकच बोलल्या: ‘म्हणान मासळी देय होतो!’ 

तीस वर्षांची मासळी, रसिका. सुरमई मिळाली तर आधी त्यांच्या घरी, मग आमच्या. त्या माउलीला तो भावाचा वाटा वाटत होता.

दुसऱ्या दिवशी भर पावसात विहिरीवर त्यांनी डोक्यावरून घागरी ओतून घेतल्या. दाजींच्या नावाने आंघोळ केली. इथून पुढे तो माणूस त्यांच्या लेखी नुसता मेलेला नाही, कधी नव्हताच. आणि आज, सोमवारी, त्यांनी देवळात गाऱ्हाणं घातलं. तू पुण्यात वाढलीस, तुला ठाऊक नसेल. गुरव देवासमोर उभा राहून माणसाचं मागणं मोठ्याने सांगतो आणि जमलेले सगळे प्रत्येक वाक्याला होकार भरतात. बाळा गुरवाने सांगितलं, ‘बा देवा म्हाराजा! ज्या घरान माझ्या घोवाची हाक आयकूक नाय, त्या घराची हाक तू आयकू नको.’ पन्नास माणसं म्हणाली, ‘व्हय म्हाराजा!’

मीही तिथे खांबाला टेकून उभा होतो. लहानपणापासूनची सवय गं. मीही म्हटलं, ‘व्हय म्हाराजा.’ माझ्या घरावर शाप चालला होता आणि मी होकार भरला! तोंडातून गेल्यावर कळलं. तुझी काकी घरी पदरात तोंड घालून बसली आहे.

पण खरं ते खरं. सांगितलं ते बरंच झालं असं स्वतःला समजावतो आहे. पुस्तक आता छापायचं नाही. तू वाईट वाटून घेऊ नकोस.

सत्यवान


पुणे,
१० जुलै २००७
(स्पीड पोस्ट)

काका,

हे पत्र हातात पडेल तेव्हा जिथे असाल तिथे खाली बसा आणि सबंध वाचा. आणि यमुनाआजींना अजून काही सांगितलं नसेल तर सांगू नका! मीच तुम्हाला ढकललं, मीच थांबवतेय.

काल ऑफिसात बसून मी पुन्हा त्या फरकांच्या यादीकडे बघत होते. मितेशने सुधारलेले ते अकरा हजार फरक मी नुसती कटकट म्हणून बाजूला टाकले होते. काका, ती कटकट नाहीये. तो कोश आहे! डावीकडे आजोबांचा शब्द, उजवीकडे मितेशला कळलेला अर्थ. मितेश मालवणीत वाढलेला, आणि त्याच्यासमोर आख्खी वही होती, कोण कुठे गेलं ते त्याला आजूबाजूच्या ओळींवरून कळत होतं.

मी दिव्याच्या फाइलीतून ‘गेलो’ असलेल्या सगळ्या ओळी उपसल्या. त्या नऊ ओळींतला सोडून तीनशे अठरा निघाल्या. त्या प्रत्येकीसमोर मितेशची ओळ लावली. तीनशे अठराही ठिकाणी मितेशने ‘गेला’ लिहिलंय. शिवा गेला, वारा गेला, पाहुणा गेला. आजोबा एकदाही नाही! मग स्वतः आजोबा गेले तेव्हा ते काय लिहितात? ‘मसुऱ्याक जत्रेक गेलंय.’ ‘वेंगुर्ल्याक जाळां आणूक गेलंय.’ ‘गेलंय’ दोनशे सहा वेळा, आणि मितेशने दोनशे सहाही ठिकाणी ‘मी गेलो’ केलंय. अपवाद एकही नाही. मी तीनदा आज्ञा चालवली, कारण माझा स्वतःवरच विश्वास बसेना.

मग ‘म्हटलंय’ शोधलं. ‘मारलंय’ शोधलं. ‘सांगितलंय’, ‘खाल्लंय’. सगळीकडे तेच. आपण पुण्यात ‘त्याने म्हटलंय’ असं म्हणतो. आजोबा ‘म्हटलंय’ लिहितात ते फक्त ‘मी म्हटलं’ ह्या अर्थी. दुसरा कोणी म्हणाला तर ते ‘म्हटल्यान’ लिहितात.

आता त्या चार ओळी वाचा, काका, त्यांच्या भाषेत.

मी नको म्हटलं. तो होडी घेऊन गेला. मी हाक मारली. तो वळला नाही.

आजोबा होडीत नव्हते. काठावर होते. हाक आजोबांनी मारली होती.

आपण दोघांनी ते पान बरोबर उलटं वाचलं. मी पुण्याची आहे, मला माफी आहे. पण तुम्ही कसे चुकलात?

पत्र मिळताच यमुनाआजींकडे जा.

रसिका


मिठबाव,
२३ जुलै २००७

चि. रसिकास अनेक अनेक आशीर्वाद.

तुझं माझं पत्र वाटेत एकमेकांना ओलांडून गेलं, हे तू ताडलं असशीलच. मी सांगून बसलो होतो.

तू विचारलंस, तुम्ही कसे चुकलात. वाचलं आणि भिंतीवर डोकं आपटावंसं वाटलं. माझ्या आईची भाषा ती! सात वर्षांचा होईपर्यंत मला दुसरी येत नव्हती. पण मास्तर झालो आणि घरातसुद्धा ‘माका-तुका’ बंद केलं. पोरांच्या हातावर पट्ट्या मारता मारता माझ्याच कानातून ती भाषा मारून टाकली. बापाची वही मी मास्तर म्हणून वाचली. आणि ऐक, ह्याहून वाईट आहे. ‘हाक मारलंय’ वाचताना मी थबकलो होतो. हाक स्त्रीलिंगी. शाळेच्या मराठीत ‘हाक मारलीय’ हवं. मला ती चूक दिसली! तिथेच कळायला हवं होतं की ही शाळेची मराठी नाही. पण मी मनात म्हटलं, दाजी चार यत्ता शिकलेले, चुकायचेच. त्यांची चूक काढली आणि कागद चुलीत घातला. मनी वसे ते स्वप्नी दिसे म्हणतात. मला गावाचं ऐकून जे भय होतं, तेच मी त्या पानावर वाचलं.

दिव्या वाचून रडली होती, ती बाबलीकाकांसाठी आणि दाजींसाठी. त्या पोरीला सरळ कळलं होतं. मी तिला मनचं घालणारी म्हटलं. काल मालवणला जाऊन तिची माफी मागितली. ती बिचारी घाबरून उभीच राहिली, सर आणि माफी!

तुझं पत्र मिळालं तसा यमुनाकाकींच्या अंगणात गेलो. त्यांनी दार लावून घेतलं. मी पागोळ्यांखाली उभा. आत ओरडून सांगितलं, ‘काकी, मी चुकीचा वाचलंय!’ रसिका, चाळीस वर्षांनी माझ्या तोंडून मालवणी आली, ती अशी. आतून आवाज आला, ‘तू मास्तर मा रे? मास्तर चुकीचा वाचता?’ म्हटलं, ‘चुकलंय. एकदा आयका, मगे दार उघडू नका.’

दाराला तोंड लावून नऊच्या नऊ ओळी म्हटल्या. ह्या वेळी अर्थ सांगितला नाही, जशा लिहिल्या तशा. ‘नको म्हटलंय. होडी घेवन गेलो.’

इतकंच ऐकलं आणि कडी निघाली.

‘परत वाच.’

परत वाचलं.

‘शिरा पडो तुझ्या शाळेर!’ काकी कडाडल्या. ‘नको म्हटल्यान कोणी? दाजीन! गेलो कोण? माझो घोव! ह्या शेंबड्या पोराक पण कळात. आणि तू माका येवन सांगलंस काय? दाजी गेलो म्हणान? मेल्या, त्या देवमाणसाच्या नावान मी आंघोळ केलंय रे! देवाक सांगलंय!’ आणि माझ्या थोबाडीत दिली. मी एकसष्ट वर्षांचा. खाल्ली. आणखी दोन दिल्या असत्या तरी खाल्ल्या असत्या.

तुझे तीनशे अठरा आणि दोनशे सहा आकडे खिशात होते, ते काढायची वेळच आली नाही.

गेल्या सोमवारी गाऱ्हाणं मागे घेतलं. बाळा गुरवाने आधी मला पुढे ओढलं, आणि पन्नास माणसांसमोर नऊ ओळी म्हणायला लावल्या. कोणाला अर्थ सांगावा लागला नाही. मग तो म्हणाला, ‘बा देवा म्हाराजा! तुझ्या लेकरान चुकीच्या वाचण्यार गाऱ्हाणा घातला, ता तू कानार घेव नको. ज्या माणसान हाक मारल्यान, त्याच्या घराची हाक तू आयक.’ सगळे म्हणाले, ‘व्हय म्हाराजा!’  तेहेतीस वर्षं दाजींबद्दल बोलणारे म्हातारे त्याच पन्नासांत होते. माना खाली घालून उभे होते.

घरी येताना यमुनाकाकी माझ्या छत्रीत होत्या. सड्याच्या उतारावर मध्येच थांबल्या. म्हणाल्या, ‘सत्या, माका आजपर्यंत वाटत होता, तो असोच गेलो. कोणी बगूक नाय, कोणी अडवूक नाय, कोणी एक हाक मारूक नाय. अनाथासारखो गेलो म्हणान मी तेहेतीस वर्सां जीव जाळलंय. तेका हाक मारलेली रे कोणी! दाजीन हाक मारलेली!’ आणि भर वाटेवर हुंदके देऊन रडल्या. मी छत्री धरून उभा राहिलो. दाजी हे त्यांना का बोलले नाहीत ते मला तेव्हा कळलं. अडवता आलं नाही, हे ते कोणत्या तोंडाने सांगणार होते?

मग त्यांनी डोळे पुसले आणि म्हणाल्या, ‘ती ओळ माका दाखव. माका वाचूक येणा नाय, पण दाजीच्या हातची ती ओळ खंयची ती दाखव. बोट लावन बगतंय.’

पान फाडलं हे मी त्यांना सांगितलंच नव्हतं. शाळेच्या मराठीत सांगता आलं असतं, ‘ते पान जाळलंय.’ त्यात कोणी जाळलं ते येत नाही. मी तेच म्हटलं, ‘जाळलंय.’ पण काकींनी ते आपल्या भाषेत ऐकलं, आणि आपल्या भाषेत त्या एका शब्दात माझं नाव आहे.

 त्यांनी मारलंसुद्धा नाही. छत्रीबाहेर निघून पावसात पुढे चालायला लागल्या. मी मागून हाक मारली. त्या वळल्या नाहीत.

रसिका, आता जगात त्या नऊ ओळी फक्त दिव्याच्या फाइलीत आहेत. पुस्तक तिच्याच फाइलीवरून छाप, एक काना-मात्रा बदलू नकोस. पण त्याआधी ते एक पान जाड कागदावर मोठ्या अक्षरात छापून पाठव, दाजींचं अक्षर नसलं तरी. मी ते काकींच्या ओटीवर ठेवून येईन, घेतील तेव्हा घेतील. आणि सहाव्या ओळीखाली रेघ मार, म्हणजे बोट कुठे ठेवायचं ते त्यांना कोणाला विचारावं लागणार नाही.

तुझा,
सत्यवानकाका